हत्ती की जिराफ

९ फेब्रुवारी

बियाणं कंपनीवाला डायरी देऊन गेला. दरवर्षी देतो, दरवर्षी गाळ्यावरचं कोणीतरी नेतं. यंदा ठेवून घेतली. लिहायला कारण आहे.

कारण म्हणजे हॉस्पिटल. आपल्या आनंदी हाइट्सच्या तळमजल्यावरचं दुकान रिकामं झालं. तिथे आपल्या पियूचं, म्हणजे डॉ. प्रियदर्शनीचं, लहान मुलांचं हॉस्पिटल होणार. अख्ख्या कोथरूड गावठाणात आपल्या भावकीत डॉक्टर नाही. पियू सध्या एमबीबीएसची इंटर्नशिप करते, म्हणजे अजून शिकाऊच. पण मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत करण्यात आयुष्य गेलं, त्यातून एक गोष्ट शिकलो. माल यायच्या आधी गाळा झाडून तयार पाहिजे. गाड्या दारात आणि हे झाडू शोधतायत, असले सगळे बुडाले.

पियूवर कसलाही दबाव आणायचा नाही. हा नियम पहिला. ती म्हणेल ते. आपण फक्त सरप्राइज म्हणून हॉस्पिटल तयार ठेवायचं.

११ फेब्रुवारी

पियूची आई म्हणाली, पोरीला विचारलंत का? म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं. ती म्हणाली, बाजारात तुरी. पुढची म्हण तिने सोडून दिली. बायकोने म्हण अर्धी सोडली की उरलेली आपल्यावर असते.

आणि विचारलं नाही असंही नाही. दुसरीत असताना विचारलं होतं. तेव्हा ती बाहुलीचा ताप बघायची. दहावीला विचारलं, तेव्हा म्हणाली डॉक्टर. दोन्ही उत्तरं जोडली की बालरोगतज्ज्ञ होतं.

१६ फेब्रुवारी, दुपार

हिरा आली होती. आमच्या ताईची मुलगी, पौडची. बीएस्सी नर्सिंग केलं, आता एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या आयसीयूत आहे. तिला म्हटलं, तू आपल्या हॉस्पिटलची नर्स. घरची डॉक्टर, घरची नर्स, बाहेरचं माणूस नको. ती म्हणाली, मामा, मला एमएस्सी करायचंय, लहान मुलांच्या नर्सिंगमध्ये, अजून दोन वर्षं. म्हटलं, बाळाला इंजेक्शन देता येतं ना, मग एवढं कशाला? ती म्हणाली, पोतं उचलता येतं म्हणून कोणी आडतीचं लायसन्स देतं का?

पटलं नाही.

जाता जाता पियूचं गणितही सांगून गेली. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. मग नीट पीजी नावाची परीक्षा. मग रँकप्रमाणे एमडीची सीट, ती तीन वर्षं. नुसत्या जन्मलेल्या बाळांचं करायचं तर त्याच्यावर आणखी शिक्षण. मला वाटत होतं, इंटर्नशिप संपली की पाटी. हिराला वाढवून सांगायची सवय आहे. ती गेल्यावर गुपचूप मोबाइलवर पाहिलं. तिने कमीच सांगितलं होतं.

हरकत नाही. रंग नीट सुकेल.

४ मार्च

पियूची बालरोग विभागातली पोस्टिंग सुरू झाली. तीन आठवडे. आज जेवताना आपणहून बोलत होती, ही नवलाची गोष्ट. वॉर्डात एक पोरगा स्टेथोस्कोप लावू देत नाही. हिने काय केलं, त्याच्या कानात तो घातला आणि स्वतःची छाती ऐकवली. मग त्याने सगळ्या वॉर्डाची ऐकली. सिस्टरांची, बाजूच्या मुलाच्या आजीची, झाडूवाल्या मावशींची. सांगताना हसत होती. पोळी हातात तशीच.

मी म्हटलं, आपल्या हॉस्पिटलात रंगीत स्टेथोस्कोप ठेवू. तिने विचारलं, आपल्या कुठल्या? सरप्राइज फुटलं.

ती म्हणाली, पप्पा, माझं अजून काही ठरलेलं नाही. म्हटलं, तू ठरवत बसू नकोस, तू अभ्यास कर.

ती ताट अर्धं ठेवून उठली. पोस्टिंगचा शीण असतो.

१९ मार्च

आजचं लिहावं की नाही, कळत नाही. लिहितो. वाचणारा मीच आहे.

पियू नाइट ड्युटी करून अकराला आली. पोपट पेंटर सकाळपासून थांबलेला. भिंतीवर कोणतं जनावर काढायचं ते ठरत नव्हतं आणि कालवलेला रंग डब्यात सुकत होता. पियूला जिन्यातच गाठलं. म्हटलं, एकच सांग आणि जाऊन झोप, हत्ती की जिराफ? ती म्हणाली, पप्पा, पहाटे एक बाळ गेलं. आठ महिन्यांचं. मी म्हटलं, अरेरे. सवय होते हळूहळू. आणि मग म्हटलं, हत्ती की जिराफ?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, जिराफ. आणि वर गेली.

पोपट दोन पायऱ्या खाली होता. म्हणाला, शेठ, मी उद्या येतो. म्हटलं, रंग फुकट जाईल.

आता वाटतं, ते दुसऱ्यांदा विचारायला नको होतं. पण तिने जिराफ असं स्पष्ट सांगितलं. रस नसता तर माणूस काहीही म्हणालं असतं. हत्ती म्हणालं असतं.

२० मार्च

पियूची माफी मागायची. ठरलं. ती उठली तेव्हा मी यार्डात. मी आलो तेव्हा ती ड्युटीवर. वेळ जुळावी लागते.

२१ मार्च

वेळ जुळली होती. ती आणि मी एकाच टेबलावर चहा घेत होतो. पण तिने तो विषय काढला नाही. तिने काढला नाही तर मी कशाला जखमेवरची खपली काढू? ती विसरली असावी. तरुण वय आहे.

दुकानात जायला आज नको वाटलं. पोपटच करेल.

२४ मार्च

जिराफ झाला. छान झालाय. मानेवर फूट-इंचाच्या खुणा केल्यात, मुलांची उंची मोजायला. कल्पना माझी. जिराफाचे डोळे पोपटने जरा उदास काढलेत. त्याला म्हटलं, हसरा कर. तो म्हणाला, शेठ, जिराफ तसाच असतो.

स्वतः पाठ लावून उभा राहिलो. पाच फूट तीन. मी तर पाच-सात आहे, विम्याच्या फॉर्मवर आहे. चार इंच गेले कुठे? वय. आणि मनाला लावून घेतलं की माणूस खचतो असं म्हणतात. आजपासून कॅल्शियम.

२८ मार्च

पुन्हा मोजली. तेवढीच. पोपटला उभा केला, तोही त्याच्या मापापेक्षा चार इंच कमी भरला. त्यालाही गोळ्या दिल्या.

३० मार्च, पाडवा

हिरा सणाला आली. जिराफ बघून खाली वाकली आणि हसत सुटली. पोपटने माप जमिनीपासून धरलंच नाही, खालच्या टाइलच्या पट्टीच्या वरून धरलंय. म्हणाली, मामा, कोथरूडची सगळी पोरं इथे खुजी भरतील, आणि पियूताई त्यांच्या तपासण्या करत बसेल. मी म्हटलं, पोरं वाढतील.

पियू दारात उभी होती. तिने जिराफाकडे एकदाच पाहिलं. ती हसली नाही.

तेव्हाच म्हणायचं होतं. सगळे होते, जमलं असतं. पण सणाच्या दिवशी गेलेल्या बाळाचा विषय कुठे काढायचा. श्रीखंड झालं होतं.

कॅल्शियम बंद.

१८ एप्रिल

निर्णय घेतला. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. उद्घाटन नाही, नुसती वास्तुशांत. नवीन जागा म्हटल्यावर करतातच. यार्डातले, मंडळाचे, भावकी, सोसायटी. पत्रिकेत नावापुढे कंसात बालरोगतज्ज्ञ छापणार होतो. पियूची आई म्हणाली, छापलंत तर पियू येणार नाही, आणि मीही. कंस काढला.

म्हणजे बघा, दबाव नाही.

पियूची आई म्हणाली, पोरगी डॉक्टर व्हायच्या आधी हॉस्पिटलची वास्तुशांत करणारा बाप तिने पहिलाच पाहिला. कुणीतरी पहिलं असावंच लागतं.

३० एप्रिल

पार पडली. तीनशेच्या वर पान उठलं.

पियू ड्युटीवरून थेट आली, अंगात हॉस्पिटलचेच निळे कपडे. कपडे बदलून ये म्हणणार होतो, पण त्या कपड्यांत जास्त डॉक्टर दिसत होती. आमच्या माजी नगरसेवकांनी भाषण केलं, कोथरूडच्या लेकरांची माउली असं म्हणाले. तिला हार घालून जिराफाशेजारी उभी केली. बायका पाया पडायला लागल्या. वयाने मोठ्या बायका.

कोणीतरी नातवाला खोकला म्हणून पुढे आणला. पियू हार काढून जमिनीवर बसली. बराच वेळ त्याच्याशी बोलत होती, त्याच्या चपलेबद्दल. पोरगं हसायला लागलं. मी सगळ्यांना कोपर मारून दाखवत होतो, बघा. मला भरून आलं, खरं सांगतो.

नंतर आत गेलो तर ती आईला सांगत होती, मला अजून काहीही येत नाही गं, आणि पप्पा माझ्या नावावर लोकांचे नमस्कार घेतायत. मी दाराआड होतो. दाराआड उभं राहून ऐकणं वाईट, म्हणून पुढचं ऐकलं नाही.

१ मे

जेवण जड झालं. काल बासुंदी जास्त झाली. छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, ते त्याचंच.

१२ मे

संकल्प. एक, परीक्षेपर्यंत हॉस्पिटल हा शब्द उच्चारायचा नाही. दोन, पियूला अभ्यासाला पूर्ण मोकळीक. तीन, योग्य वेळ बघून ती माफी. माफी छोटी ठेवायची. एका वाक्याची.

१३ मे

पियूला सांगितलं की मी हॉस्पिटलचं नाव काढणार नाही. ती म्हणाली, आत्ताच काढलंत.

२ जून

पियूने सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली. घरी तिला स्वतंत्र खोली, एसी, टेबल. तिथे म्हणे लाकडी खुर्ची आणि ढेकूण. विचारलं, घरी काय कमी आहे? ती म्हणाली, काही कमी नाही पप्पा. तिच्या आईने ओट्यावरून मान वर केली नाही.

एकाग्रतेसाठी साधेपणा लागतो. मीही कंदिलावर शिकलो. म्हणजे वडील शिकले.

९ जून

दुपारी तिचा डबा घेऊन गेलो. आठवडाभर जातोय. खिडकीतून बघतो, बसली आहे ना. आज दारावर नवी पाटी होती. आत बसलेले सज्ञान आहेत. पालकांनी डबा बाहेर ठेवावा व स्वतःही बाहेरच राहावे. दुसऱ्या कुणाच्या पालकांसाठी असेल. पण नियम म्हणजे नियम, उद्यापासून खिडकीतून बघणार नाही. पलीकडच्या फुटपाथवरून बघेन.

१४ जून

पियूने पाहिलं. रस्ता ओलांडून आली. मला वाटलं रागावेल. तिने डबा घेतला आणि म्हणाली, पप्पा, उन्हात उभे राहू नका. फार वाईट वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिथेच म्हणून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात बस आली आणि मी चढलो. माझी बस नव्हती ती.

३ ऑगस्ट

नीट पीजी झाली. पेपर कसा गेला विचारलं नाही. संकल्प पाळला. चेहऱ्याने विचारलं असेल, त्याला इलाज नाही.

१९ ऑगस्ट

निकाल. पियूने रँक सांगितला. चार अंकी आकडा. दहावीला हिचा शाळेत तिसरा नंबर होता. पण मी चेहरा पडू दिला नाही. म्हटलं, होतं असं, खचायचं नाही. ती म्हणाली, पप्पा, चांगला आहे. म्हटलं, असंच म्हणायचं, धीर राहतो.

ती आणखी काही सांगत होती, सीटा किती, मुलं किती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती थांबली.

२० ऑगस्ट

डोळ्याला डोळा लागला नाही. रँक माझ्यामुळे गेला. वास्तुशांतीत तिचा दिवस मोडला. हार घालून उभी केली. दोन हजार पोरं पुढे गेली ती त्याच दिवशी गेली असणार. हे मान्य करायला मोठं मन लागतं, ते माझं आहे, म्हणून मान्य करतो.

२७ ऑगस्ट, गणपती

आरतीला आलेल्या सगळ्यांना आपणहून सांगून टाकलं. पोरीचा रँक जरा कमी पडला, पण आम्ही काही बोललो नाही तिला. लोक म्हणाले, असा बाप मिळायला भाग्य लागतं. पियू मोदकांचं ताट घेऊन मागे उभी होती. ती आलेली मला दिसली नव्हती.

मी तिला मनातून माफ केलं आहे. ती मागायला आलेली नाही, लाजत असेल. एक विचार आला. तिची मी केलेली माफी आणि माझी राहिलेली माफी एकमेकींत वळती करता येईल का? यार्डात सगळे करतात. पियूच्या आईला विचारलं. ती म्हणाली, तुमचा जावई होणाऱ्याची दया येते.

काय संबंध, कळलं नाही.

५ ऑक्टोबर

हिराला एमएस्सीला सीट मिळाली. चांगली चाललेली नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी. आपल्या हॉस्पिटलची जागा तिच्यासाठी धरून ठेवली आहे असं सांगितलं. ती म्हणाली, मामा, डॉक्टर नाही, नर्स नाही, पेशंट नाही, तुमच्या हॉस्पिटलाइतकं निर्जंतुक हॉस्पिटल पुण्यात नाही.

नर्सिंगला गेली की मुलींच्या जिभेला धार येते. तिच्या आईला सांगायला पाहिजे.

२२ नोव्हेंबर

लागली. एमडी बालरोग. बालरोगच. पियूने फोनवर वाचून दाखवलं, मी खुर्चीत बसूनच राहिलो. मार्चमध्ये त्या बाळानंतर मला आतून भीती बसली होती, की ही पोरगी आता मुलांचं करणार नाही आणि ते मी जिन्यात उभं राहून घालवलं. तर बालरोगच. म्हणजे मी काही घालवलं नाही. सगळं ठीक होतं. उगाच खात होतो स्वतःला.

सीट नागपूरची आहे. पुण्यात बसलं नाही बिचारीचं. रँक.

२३ नोव्हेंबर

यार्डात पेढे. जो तो विचारतो, नागपूर का? प्रत्येकाला समजावून सांगितलं, कमी पडला रँक, पण तीन वर्षं काय, बघता बघता जातील. आडतीतला जुना मित्र म्हणाला, तुझी पोरगी तिकडे सातशे किलोमीटरवर आणि तू इथे खूश? म्हटलं, माल लांबून येतो, पण गाळ्यावरच येतो.

२७ नोव्हेंबर

पियूची तयारी. जिराफाचा फोटो फ्रेम करून बॅगेत ठेवला, तिकडे खोलीत लावायला. बॅग जड होते म्हणून तो मागे राहिला. गोधडी गेली, चटण्या गेल्या, इस्त्री गेली. फोटो तसा हलका होता.

माझं तिकीट काढतो म्हटलं तर ती म्हणाली, आई येते आहे, तुम्ही यार्ड सोडू नका. काळजी करते माझ्या धंद्याची.

२८ नोव्हेंबर

सकाळच्या विमानाने गेल्या दोघी. विमानतळावर तरी बोलायचं असं पक्कं होतं. गाडीत तोंडातल्या तोंडात म्हणत आलो. दारापाशी ती वाकून पाया पडली. मी म्हटलं, तिकडे डिसेंबरात थंडी असते. ती म्हणाली, हो. मग सुरक्षावाल्याने गाडी पुढे घ्यायला लावली. नाहीतर झालं असतं.

३ डिसेंबर

पियूची आई परत आली. म्हणाली, रमेल ती. चौथ्या दिवशीच एक पोर तिचं बोट सोडत नव्हतं. माझ्याबद्दल काही म्हणाली का, असं विचारलं. म्हणाली, तुमच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात म्हणाली.

किती जीव आहे पोरीचा. मग छातीत ते अडकल्यासारखं अजून का होतं? बासुंदीला तर सात महिने झाले.

७ डिसेंबर

शेफाली पेढे घेऊन आली. पियूची वर्गातली मैत्रीण, औंधची. तिलाही एमडी बालरोग मिळालं. पुण्यात. म्हटलं, वा, म्हणजे रँक जोरात आला तुझा. ती म्हणाली, कुठे काका, पियूच्या बराच मागे होता माझा.

मला वाटलं ऐकण्यात गडबड झाली. पुन्हा विचारलं. तिने सावकाश सांगितलं. लाखो मुलं बसतात. पियूचा रँक कॉलेजात सगळ्यांत वरचा. पुण्यातली सीट तिला शेफालीच्या कितीतरी आधी मिळाली असती. तिने पुणे मागितलंच नाही. नागपूर पहिलं टाकलं.

मी विचारलं, का? शेफाली म्हणाली, पियूला तर पहिल्या वर्षापासून बालरोगच करायचं होतं काका. ते बाळ गेलं त्या दिवशी आम्ही दोघी हॉस्पिटलच्या जिन्यात रडलो, तेव्हाही म्हणाली, मी हेच करणार. घरी जाऊन पप्पांना सांगते म्हणाली. फक्त... आणि थांबली. मी म्हटलं, फक्त काय? शेफाली म्हणाली, काका, चहा फार छान झालाय.

त्यानंतर माझ्या तोंडून काय गेलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, तुला हवंय का हॉस्पिटल? तयार आहे. नुसती पाटी बदलायची.

शेफालीने कप खाली ठेवला. पियूच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेढा तोंडात घातला.

त्याच दिवशी, शेफाली गेल्यावर

पियूच्या आईला विचारलं, तुला हे माहीत होतं? म्हणाली, ऑगस्टपासून. म्हटलं, मग मला का सांगितलं नाहीस, मी अख्ख्या यार्डात पोरीचा रँक कमी पडला म्हणून सांगत सुटलो. ती म्हणाली, तिने तुम्हाला सांगितलं होतं, चांगला आहे म्हणून. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात.

मग ती भाजी निवडायला बसली. मीही शेजारी बसलो. मेथी होती. बराच वेळ निवडली.

९ डिसेंबर

यार्डात जाऊन एकेकाला सांगायला सुरुवात केली की रँक कमी नव्हता, उलट फार वरचा होता. लोक विचारतात, मग नागपूर का? तिघांना वेगवेगळी कारणं सांगितली. चौथ्याला सांगता आलं नाही. गाळा लवकर बंद केला.

सारखं एकच येतं डोक्यात. ती त्या दिवशी मला सांगायलाच घरी येत होती. जिन्यात मी होतो.

११ डिसेंबर

दुकान एका पाळणाघराला द्यायचं ठरवलं. बाई आल्या होत्या, भिंत आवडली. पियूची आई म्हणाली, आधी पियूला फोन करा. दुकानासाठी नाही, म्हणाली. मला कळलं कशासाठी. मी काही इतका हा नाही.

१४ डिसेंबर, दुपार

आज फोन केला. जेवून, चूळ भरून, गॅलरीत जाऊन केला. वाक्य तयार होतं. पियू, त्या दिवशी तू बाळाचं सांगितल्यावर मी पुन्हा ते विचारायला नको होतं, माझं चुकलं. एवढंच. बाकी काही जोडायचं नाही, कारण द्यायचं नाही.

तिने लगेच उचलला. पप्पा, काय काम होतं? म्हटलं, काम नाही, सहज. ती म्हणाली, तुम्ही सहज नाही करत फोन, हॉस्पिटलचं काही आहे का? म्हटलं, नाही. तिने विचारलं, खरंच नाही? म्हटलं, खरंच नाही.

मग ती थांबली. मीही थांबलो. तिच्यामागे कुठलंसं पोर रडत होतं, कोणीतरी मॅडम, मॅडम करत होतं. हॉस्पिटल सोडून मी या मुलीशी आजवर काय बोलत आलो ते आठवून पाहिलं. काही आठवेना. तिलाही आठवत नसावं. वाक्य तोंडात होतं, पण ते सुरू करायला आधी काहीतरी बोलणं चालू असावं लागतं.

म्हटलं, जेवलीस? ती म्हणाली, हो. तुम्ही? म्हटलं, हो. मेथी होती. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, पप्पा, राउंड आहे, ठेवू? म्हटलं, ठेव.

फोन बंद झाल्यावर ते वाक्य म्हणून पाहिलं. एकदाही अडखळलो नाही.